मागे घेतलेली मंजुरी

चंद्रपूरला नागपूर रोडवर, टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दिनेशची सॉफ्टवेअर कंपनी होती. माणसं जेमतेम पंधरा-वीस. पण त्यांत रंजीता होती, आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय तिथून काही बाहेर पडत नसे. कोणतंही सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला देण्याआधी त्यात काय काय तपासायचं याची आखणी करावी लागते. तिला टेस्ट प्लॅन म्हणतात. हा प्लॅन आधी ड्राफ्ट असतो, मग रिव्ह्यूला जातो, मग अप्रूव्ह होतो आणि शेवटी रिलीज. रिलीज झाल्यावर तपासणी सुरू होते, आणि तपासणी पार पडली की सॉफ्टवेअर चालू. प्लॅनला या पायऱ्यांवरून वर चढवायचं की खाली उतरवायचं, हा अधिकार कंपनीत एकट्या रंजीताकडे होता. एकदा अप्रूव्ह झालं की प्लॅनला कुलूप लागायचं. मग एक शब्द जरी बदलायचा म्हटलं तरी त्याला परत ड्राफ्टला आणायचं आणि सगळी चढण नव्याने चढायची.

पोरं तिला मागून ‘चेकनाका’ म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. वरोऱ्याकडच्या शेतकरी घरातली मुलगी, चाळिशीला टेकलेली, नवरा धनराज घुग्घुसच्या कोळसा खाणीत शिफ्टवर. घर सांभाळून ती नोकरीत टिकली होती ती या एका गोष्टीवर, की रंजीता मॅडमनं ‘हो’ म्हटलं म्हणजे ते हो असतं.

त्या वर्षी कंपनीला पाटबंधारे खात्याकडून नदीचं काम मिळालं. वर धरणाची दारं उघडली की खाली वैनगंगा आणि प्राणहितेच्या काठच्या गावांना आपोआप फोन जायचा, आणि फोनमधून बाईचा आवाज सांगायचा, पाणी सोडलं आहे, नदीतून बाहेर निघा. इथं पावसाचा थेंब नसतानाही वरून सोडलेलं पाणी येतं, आणि नदीत असलेल्या माणसाला ते उशिरा कळतं. धरणावर भोंगा वाजतो, पण तो किती दूर ऐकू जाणार? सॉफ्टवेअर लिहिलं पियुषनं. तपासणीचा प्लॅन लिहिला भाग्यश्रीनं. ही सिरोंचाकडची, नदीवर मासे धरणाऱ्या घरातली मुलगी, कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. मंजुरी अर्थात रंजीताची.

मे महिन्यात नमुना दाखवायला ती आणि भाग्यश्री टेंभाघाटला गेल्या. वैनगंगेच्या काठचं, मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांचं गाव. समाजमंदिरात सतरंजी टाकलेली, वर पंखा घरघरत होता, आणि लोक फोन मांडीवर घेऊन वाट पाहत बसले होते. भाग्यश्रीनं लॅपटॉपवर बटण दाबलं आणि सगळ्या समाजमंदिरात एकदम फोन वाजायला लागले. पोरं नाचली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढच्या रांगेत इस्तारी बसला होता. पन्नाशीचा, काटक, पिकलेल्या मिशीचा माणूस. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यानं दोरीनं गळ्यात अडकवला होता. त्यानं तो कानाला लावून शेवटपर्यंत ऐकला.

“बोलते तं चांगली,” तो म्हणाला. “पण बाई, हे शहरावानी बोलते. आमच्यावानी बोललं असतं तं गोड लागलं असतं.”

शेजारी बसलेली त्याची बायको गोकुळा म्हणाली, “तुमाले गोड कायले पायजे? पाणी आलं म्हनून सांगतलं, झालं.”

सगळे हसले. रंजीताही हसली. मग ती समजावत म्हणाली, “इस्तारीभाऊ, हा फोन वाजला की जाळं जाऊ द्या, डोंगा जाऊ द्या, पण तुम्ही बाहेर निघा.”

“आन नाई वाजला तं?”

“नाही वाजला तर पाणी सोडलं नाही असं समजा.”

इस्तारीनं मान हलवली. पोरी दमून आल्या म्हणून गोकुळेनं दोघींना घरी नेलं, तांदळाच्या भाकरी आणि झिंग्यांची चटणी वाढली. परतताना भाग्यश्री गाडीत म्हणाली, “मॅडम, आपल्या कामातून असं काही होते ना, तर बरं वाटते.” रंजीतालाही बरं वाटलं होतं. कारखान्यांची बिलं आणि हजेऱ्या तपासण्यात तिची वर्षं गेली होती.

जूनच्या सुरुवातीला तिनं प्लॅन अप्रूव्ह केला. रिलीज करायचा तेवढा बाकी होता. खात्याच्या साहेबांनी तारीख दिली होती, नारळ फोडायचा होता. त्याच आठवड्यात भाग्यश्री चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेली, आणि परत आली ती सरळ रंजीताच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“मॅडम, एक राहून गेलं.”

“काय राहिलं?”

“आमच्या गावाकडं नदीच्या पल्याड तेलंगणा आहे. नदीवर गेलं की फोन पल्याडचा टॉवर पकडते. मी घाटावर उभी राहून पियुषले फोन लावायले सांगितला, तर आपला फोन आलाच नाही. घरी आली तर आला. पुन्हा घाटावर गेली, पुन्हा नाही.” ती थोडी थांबली. “घरात बसलेल्या माणसाले वाजून काय कामाचं? आमचे बाबा तर नदीतच असतात.”

प्लॅनमध्ये ही तपासणी नव्हतीच. रंजीतानं खुर्ची मागे सारली आणि पियुषला बोलावलं. त्यालाही पटलं की दोष खरा असणार, पण नेमका कुठे आहे हे तिथं जाऊन, घाटाघाटावर उभं राहून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणजे प्लॅन ड्राफ्टला आणायचा, नवी तपासणी घालायची, खात्याकडे पाठवायचा, त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबायचं.

पियुष म्हणाला, “मॅडम, एक करू ना. प्लॅनचे दोन भाग करू. सिरोंचाकडची गावं वेगळी काढून ड्राफ्टमध्ये ठेवू. वरची गावं तर तयारच आहेत, टेंभाघाट वगैरे. तेवढा भाग रिलीज करून टाकू.”

रंजीताला आठवलं, असं एकदा झालं होतं. गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायचं ॲप त्यांनी केलं होतं, तेव्हा भामरागडकडची गावं अवघड म्हणून दुसऱ्या टप्प्यावर टाकली. पहिल्या टप्प्याचा सत्कार झाला, फोटो छापून आले, आणि दुसरा टप्पा काही उगवलाच नाही. त्या वेळी मंजुरी तिनंच दिली होती.

“नाही,” ती म्हणाली. “नारळ फुटला की मागं राहिलेल्याकडं कोणी वळून पाहत नाही. जाईल तर सगळ्यांचं मिळून जाईल.”

भाग्यश्री मान खाली घालून उभी होती. मागं राहणारं गाव तिचं होतं, त्यामुळं तिला बोलता येईना.

दिनेश ऐकून चिडला. “रंजीता, पावसाळा तोंडावर आहे! साहेबाले काय सांगू मी?”

“दोष सापडला म्हणून सांगा.”

“पियुष म्हणते तसं अर्धं सोडू ना मग.”

“अर्धं सोडायचं असेल तर हा अधिकार माझ्याकडून काढून घ्या आणि तुम्ही सोडा.”

दिनेश माणूस वाईट नव्हता. कंपनी उभी केली तेव्हा त्यानंच तिला सांगितलं होतं, मी जरी म्हटलं तरी चुकीच्या कामाला हो म्हणायचं नाही. शेवटी म्हणाला, “लिहून टाक कारण.”

तिनं कारण लिहिलं, मंजुरी मागे घेतली आणि प्लॅन ड्राफ्टला आणला. कंपनीतल्या सगळ्यांना, खात्यातल्या साहेबांना, त्यांच्या हाताखालच्या बाबूंना त्याचा मेल गेला. आपण योग्य केलं असं समाधान मनात घेऊन ती त्या दिवशी घरी गेली.

नवा प्लॅन खात्याकडे गेला आणि तिथं अडकला. साहेबांची बदली झाली, नवे साहेब आले, त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. मग सिरोंचाच्या रस्त्यावरचा एक पूल पाण्याखाली गेला आणि भाग्यश्रीला घाटांवर जाता येईना. आषाढ असाच गेला. स्क्रीनवर प्लॅनपुढे ‘रिव्ह्यू’ हा शब्द तसाच राहिला, आणि रंजीता रोज सकाळी एकदा उघडून पाही.

श्रावणात वर भंडाऱ्याकडं आणि त्याही वर मध्य प्रदेशात पाऊस कोसळला. चंद्रपुरात मात्र ऊन पडलं होतं. धरणाची दारं उघडली. धरणाजवळच्या गावांत दवंडी फिरली, भोंगेही वाजले. दुसऱ्या दिवशी रंजीता ऑफिसात आली तेव्हा पियुष फोनवर बातमी वाचत होता. त्यानं फोन तिच्या पुढे केला. टेंभाघाट इथं वैनगंगेत मासेमारीला गेलेला एक जण वाहून गेला. इस्तारी नावाच्या त्या इसमाचा मृतदेह खालच्या गावी झुडपात अडकलेला सापडला.

तिच्या डोळ्यापुढे प्लास्टिकच्या पिशवीतला, गळ्यात अडकवलेला फोन आला.

“मॅडम, तिथं तर आपला फोन गेला असता,” पियुष हळूच म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला वाटलं, बोलायला नको होतं.

भाग्यश्री उठून बाहेर जिन्यात गेली. तिचा रडण्याचा आवाज आत येत होता. कोणी तिच्यामागं गेलं नाही.

तेरवीच्या आधी रंजीता टेंभाघाटला गेली. दिनेश म्हणाला होता, “जाऊ नको, लोक काही बोलतील, उगाच वाढेल.” ती म्हणाली, बोलू द्या. भाग्यश्री सोबत निघाली. मूलच्या पुढं रोवणी झालेली धानाची शेतं हिरवीगार उभी होती.

गोकुळा ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. पाच-सहा बाया भोवती होत्या. तिनं दोघींना ओळखलं आणि एका बाईला म्हणाली, “पाणी दे माय त्याईले.” पाणी आलं. पाण्याचा पेला हातात धरून रंजीता खाली मान घालून बसली. कोणी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“कसं झालं?” तिनं शेवटी विचारलं.

गोकुळेनं सांगायला सुरुवात केली. आवाज कोरडा होता. तेच ती आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होती. सकाळी तो जाळं काढायला मधल्या खडकाकडं गेला होता. ती काठावर टोपलं घेऊन उभी. पाण्याचा रंग पालटला, फेस आला, काडीकचरा वाहत यायला लागला. तिनं हाक मारली, चाला घरी. तो डोंगा घेऊन काठाशी आलासुद्धा.

“काठाले लागला होता, बाई. इथून त्या कुडाइतका दूर. मंग त्यानं गळ्यातला फोन पाह्यला. म्हने, फोन तं नाई वाजला. वरत्या नाल्याचं पाणी असन. अर्धं जाळं अजून तिकडंच हाये. म्हनलं, राहू द्या जाळं. म्हने, फोन वाजला का येतो. आन परत गेला.”

बाया डोळे पुसू लागल्या. गोकुळा पुसत नव्हती.

“फोन काऊन नाई वाजला, बाई? सगळ्याईचे वाजले होते त्या दिवशी समाजमंदिरात. त्याच्यात पैसे नव्हते का? का पिशवीत होता म्हनून?”

रंजीताला खोटं बोलता आलं असतं. टॉवर बंद होता म्हणाली असती तर कोणी तपासायला जाणार नव्हतं.

“त्यांच्या फोनमध्ये काही दोष नव्हता,” ती म्हणाली. “आमचं ते चालूच झालं नव्हतं. खालच्या गावांत फोन लागत नव्हता, म्हणून सगळंच थांबवलं होतं. मी थांबवलं.”

गोकुळा बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती समजून घेण्याची धडपड होती.

“थांबवलं तं थांबवलं. तुमचं काही कारन असन. पण मंग आमाले काऊन नाई सांगतलं?”

रंजीताच्या मनात आलं, मंजुरी मागे घेतल्याचा मेल किती जणांना गेला होता. ऑफिसात झाडू मारणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं की नदीचं काम अडलंय. पण ज्या समाजमंदिरात तिनं स्वतः उभं राहून सांगितलं होतं की नाही वाजला तर पाणी नाही समजा, तिथं परत येऊन किंवा साधा एक फोन करून कोणी म्हटलं नव्हतं, की थांबा, अजून यावर भरवसा ठेवू नका. प्लॅन कोणत्या पायरीवर आहे हे तिनं रोज पाहिलं. ती पायरी टेंभाघाटात कोणालाच दिसत नव्हती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“चुकलं आमचं,” ती म्हणाली.

गोकुळा म्हणाली, “फोन नसता न, तं तो आला असता घरी.” आणि मग पहिल्यांदाच पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागली. बायांनी तिला जवळ घेतलं. एका म्हातारीनं रंजीताला हातानं खूण केली, जा आता. दोघी उठल्या.

घरी तिनं धनराजला सगळं सांगितलं. तो शिफ्ट करून आला होता, अंघोळ करून चहा पीत बसला होता. ऐकून घेतलं आणि भोळेपणानं म्हणाला, “आमच्या खाणीत ब्लास्टिंग आहे म्हणून भोंगा झाला, आणि मग ते रद्द झालं, तरी तसं सांगतेत सगळ्याईले. नाहीतर माणसं भलत्याच भरवशावर राहतेत.” मग तिचा चेहरा पाहून त्यानं कप खाली ठेवला. “तुले नाही बोलून राह्यलो मी.” पण बोलून झालं होतं.

दिनेशकडे खात्याची विचारणा आली. त्यानं खरं तेच लिहिलं: दोष सापडला, म्हणून रिलीज थांबवलं होतं. कोणावर ठपका आला नाही. रंजीता त्याच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली, “गावांना कळवायला हवं होतं.”

“ते आपलं काम नव्हतं.”

“मग कोणाचं होतं?”

दिनेशनं चष्मा काढून डोळे चोळले. “कोणाचंच नव्हतं, रंजीता. तेच तर झालं.”

त्याच दिवशी तिनं भाग्यश्रीला बसवून काठच्या एकेका गावाला फोन लावले, सरपंचाला, नाहीतर पोलीस पाटलाला. यंत्रणा अजून चालू नाही, फोनची वाट पाहू नका. बरेच जण म्हणाले, बरं झालं सांगितलं. एक सरपंच म्हणाला, “आम्ही तर चालूच आहे समजून होतो.” भाग्यश्रीनं तो फोन ठेवला आणि पुढचा लावायला तिला थोडा वेळ लागला.

पाऊस ओसरल्यावर रस्ता मोकळा झाला आणि भाग्यश्री घाटांवर फिरून आली. तिचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. नदीवर पल्याडचा टॉवर लागला की फोन पोचतच नव्हता. एखादा पोचला तर अवेळी. पियुषनं दुरुस्ती केली. पुन्हा तपासलं, फोन वाजला. पुढच्या पावसाळ्यात तिथली माणसं बेसावध राहणार नव्हती, हे नक्की. भाग्यश्रीनं ही बातमी आणून दिली ती टेबलाच्या कडेकडे पाहत.

“मॅडम, आमच्या घाटावर वाजला. बाबांनी स्वतः उचलला.”

“छान झालं.”

“मी त्या दिवशी बोललीच नसती तर...”

“बोलली ते बरोबर केलं,” रंजीता म्हणाली. “त्यात तुझं काही नाही.” तिला खरंच तसं वाटत होतं. पण पियुषचं ऐकून दोन भाग केले असते तर भाग्यश्रीचं गाव मागं राहिलं असतं की नसतं, हे आता कधीच कळणार नव्हतं, आणि इस्तारी मात्र जिवंत असता. ती हे मनात कितीदा मांडून पाही, पण कुठल्याही बाजूनं धरलं तरी ते सरळ बसत नसे.

खात्याचं उत्तर आलं, दिवाळीच्या आधी रंजीतानं नदीचा प्लॅन रिलीज केला आणि काही दिवसांत यंत्रणा चालू झाली. नारळ फुटला. ती कार्यक्रमाला गेली नाही. भाग्यश्रीनं महिनाअखेरीला नोकरी सोडली; नागभीडला मावशीकडे राहून दुसरं काही पाहते म्हणाली. निघताना रंजीताच्या पाया पडली, आणि रंजीताला ते सोसलं नाही.

नंतर घुग्घुसच्या एका सिमेंट कारखान्याचं काम आलं. ट्रकांचं वजन करायचं साधं सॉफ्टवेअर, ज्यात कोणाच्या जिवाचा प्रश्न नव्हता. प्लॅन तिच्याकडे रिव्ह्यूला आला. तिनं वाचला, चूक सापडली नाही, आणि तरी अप्रूव्ह करायला हात उठेना. हो म्हटलं तर काय सुटेल, नाही म्हटलं तर कोण ताटकळेल, हे बसल्या जागेवरून दिसत नाही, एवढंच तिला आता कळत होतं. आठवडा गेला. कारखान्याचे फोन येऊ लागले. पियुष दोनदा विचारून गेला.

एका दुपारी दिनेशनं तिला बोलावलं आणि खाली पाहत म्हणाला, “काही दिवस मंजुरीचं काम पियुषकडं देतो. तू वाचून शेरे देत जा. चालेल ना?”

“चालेल,” ती म्हणाली. केबिनबाहेर आली तेव्हा तिला आधी हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाची लाज वाटली.

पियुषनं आपल्या नावानं पहिल्यांदा प्लॅन उघडला. पोरगा हुशार होता, पण हात माऊसवर ठेवून त्यानं मान वळवली.

“मॅडम, करू ना?”

इतकी वर्षं या प्रश्नाला तिनं हो किंवा नाही असं रोखठोक उत्तर दिलं होतं. सगळं ऑफिस त्यावर चालत आलं होतं.

“तुझं तू बघ,” ती म्हणाली, आणि डबा धुवायला उठून मागच्या बेसिनकडं गेली.